जड धातूंचे अधिशोषण (चंद्रपूर-गडचिरोली परिसर)

जड धातूंचे अधिशोषण : कारखान्याच्या सांडपाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा यांसारखे धातू एखाद्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर पकडून पाण्याबाहेर काढण्याची पद्धत. शोषण आणि अधिशोषण यांत नेहमी गल्लत होते. स्पंज पाणी पोटात घेतो ते शोषण. कोळशाच्या कणावर धातूचे आयन चिकटून बसतात ते अधिशोषण. ही पकड कधी निव्वळ विद्युतभाराच्या ओढीची असते, कधी कॅल्शियम सोडून त्याच्या जागी शिसे घेण्याची (आयन-विनिमय), तर कधी खऱ्या रासायनिक बंधाची. झाडपाल्यापासून केलेल्या पदार्थांत बहुधा तिन्ही एकत्र नांदतात.

चंद्रपूर शहराजवळ दुर्गापूरला महानिर्मितीचे २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. भोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी, घुग्घुसला स्पंज आयर्न, शहरालगत मँगनीजच्या मिश्रधातूंचा कारखाना. झरपट नदी इरईला मिळते, इरई वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि गडचिरोलीच्या पश्चिम सीमेने सिरोंच्याकडे जाते. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पाणी मात्र एकाच खोऱ्याचे राहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात ८३.८८ गुण घेऊन चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. हा आकडा हवा, पाणी आणि जमीन मिळून आहे. तो केवळ धातूंचा समजू नये.

सांडपाणी नदी-नाल्यात सोडण्यासाठी १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांत सर्वसाधारण मर्यादा दिल्या आहेत. लिटरमागे शिसे ०.१ मिलिग्रॅम, षट्संयुजी क्रोमियम ०.१, पारा ०.०१ आणि कॅडमियम २ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात मात्र कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमच चालते. म्हणजे नियमात बसणारे सांडपाणीही पिण्याच्या मर्यादेच्या सुमारे ६६७ पट असू शकते. बाकीचे काम नदीने पाणी मिसळून करायचे, असे त्यात गृहीत आहे. उन्हाळ्यात इरईच्या पात्रात मिसळायला फारसे पाणी नसते.

धातू काढण्याची जुनी आणि स्वस्त रीत चुन्याची. चुना टाकून पाण्याचा सामू (pH) वाढवला की बहुतेक धातू हायड्रॉक्साइडच्या गाळरूपाने खाली बसतात. त्यानंतरही पाण्यात थोडा अंश उरतो, आणि तेवढाच घातक असतो. अधिशोषणाची खरी जागा ही, चुन्याच्या मागून. सुरुवातीलाच गढूळ पाणी कोळशावर सोडणे म्हणजे कोळसा वाया घालवणे. सुरजागडच्या लोहखनिजामुळे लाल झालेल्या पाण्याची इकडे पुष्कळ चर्चा होते. पण तो लाल रंग तरंगत्या मातीचा आणि लोहकणांचा असतो. त्याला निवळण-तळे लागते, अधिशोषक नव्हे. ज्याच्यासाठी अधिशोषक लागतो, ते पाणी बहुधा दिसायला स्वच्छच असते.

अधिशोषक पदार्थांत बाजारातला सक्रिय कोळसा सर्वांत परिचित. त्याच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग ५०० ते १५०० चौरस मीटर भरतो. तो महाग पडतो म्हणून स्थानिक पदार्थांचा शोध सुरू झाला, आणि या बाबतीत हा मुलूख श्रीमंत आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी, वडसा हा धानाचा पट्टा. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस निघतो. राइस मिलमागे त्याची जी राख साठते, ती करडी-पांढरी असेल तर जवळजवळ सगळी सिलिका असते. काळी असेल तर तीत कार्बन उरलेला असतो. धातू पकडायला काळी अधिक उपयोगी. बांबूचा कोळसाही तसाच उपयोगी. लोहखनिजातील हेमेटाइट आर्सेनिक चांगले धरतो. सल्फर असलेल्या पदार्थांची पाऱ्याशी विशेष मैत्री आहे.

वीज केंद्राची उडती राख हा पदार्थ मात्र दुधारी. ती कॉस्टिक सोड्याबरोबर तापवली की तिच्यातल्या सिलिका-ॲल्युमिनापासून झिओलाइट बनतो. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने अशा प्रक्रियेवर काम केले आहे. झिओलाइटच्या पोकळ्यांत सोडियम असतो, तो बाहेर पडून शिसे किंवा तांबे आत बसते. पण कच्च्या राखेतच थोडेफार आर्सेनिक आणि क्रोमियम असते. तिला न तपासता पाण्यात टाकले, तर काढायचे एक आणि घालायचे दुसरे, असा व्यवहार होतो.

प्रयोगशाळेतली रीत सोपी आहे. तूस धुऊन, वाळवून, कमी हवेत भाजतात, आम्लाने, मग पाण्याने धुतात, पुन्हा वाळवतात. मोजलेली भुकटी धातूच्या द्रावणात घालून तासभर हलवतात, गाळतात आणि उरलेला धातू मोजतात. षट्संयुजी क्रोमियमसाठी गाळलेल्या पाण्यात आम्ल आणि डायफिनाइलकार्बाझाइड टाकले की जांभळट रंग येतो. रंग फिका तर धातू कमी. इथेच एक फसगत आहे. क्रोमियम सामू दोनच्या आसपास असताना चांगला पकडला जातो, कारण तेव्हा पृष्ठभाग धनभारित होतो आणि क्रोमेट ऋणभारित असतो. पण आम्लात वनस्पतिजन्य पदार्थ त्याच क्रोमियमचे त्रिसंयुजी रूपांतर करतात. ते रूप या चाचणीत रंग देत नाही आणि काही अंशी पाण्यातच राहते. रंग गेला म्हणून धातू गेला असे नव्हे. एकूण क्रोमियम वेगळे मोजावे लागते. शिसे आणि तांब्याचा मार्ग उलटा, त्यांना पाच-सहा सामू मानवतो. म्हणून सर्व धातूंवर एकच भुकटी, एकच कृती चालत नाही.

शोधनिबंधांत ग्रॅममागे इतके मिलिग्रॅम धातू धरला, असा आकडा असतो. समजा तो २० आहे. एक लाख लिटर पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम धातू असेल तर एकूण ५०० ग्रॅम. कागदावर २५ किलो भुकटी पुरते. प्रत्यक्षात पुरत नाही. तो २० चा आकडा दाट द्रावणातला असतो, पाण्यात ०.१ मिलिग्रॅमच उरावा अशी अट घातली की तीच भुकटी बरीच कमी धरते. लँगम्युरने १९१८ मध्ये मांडलेले समीकरण हेच सांगते, तरी जाहिरातीत नेमका वरचा आकडा छापला जातो. शिवाय खऱ्या सांडपाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम मुबलक असतात आणि जागा तेही अडवतात.

कारखान्यात भुकटीऐवजी दाणेदार पदार्थ उभ्या नळकांड्यात भरतात आणि पाणी त्यातून सोडतात. वरचा थर आधी भरतो, मग खालचा. शेवटी धातू खालून बाहेर दिसू लागतो, तेव्हा थर बदलायचा. काही पदार्थ आम्लाने धुऊन पुन्हा वापरता येतात, पण धुतलेल्या आम्लात धातू अधिक दाट होऊन शिल्लक राहतोच.

भरलेला अधिशोषक घातक ठरला की त्याला २०१६ चे घातक कचरा नियम लागू होतात. तो चुलीत किंवा बॉयलरमध्ये जाळू नये. पारा आणि कॅडमियम धुराबरोबर हवेत जातात. विदर्भात असा कचरा नागपूरजवळ बुटीबोरीच्या सामायिक विल्हेवाट केंद्राकडे पाठवण्याची सोय आहे. चंद्रपूरहून तिथवरचे भाडे आणि विल्हेवाटीचा दर फुकटात मिळालेल्या तुसाच्या हिशेबात धरावा लागतो.