मोबाईल ‘विकला’ म्हणतात तेव्हा तो नक्की कुठं असतो?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. सवडीनं वाचा.

सात-आठ वर्षांपूर्वीची, दिवाळीनंतरची गोष्ट. एका मोबाईल कंपनीची प्रेसनोट मेलवर आली. सणाच्या महिन्यात इतके लाख फोन ‘विकले’, आम्ही क्रमांक एक. पानावर जागा रिकामी होती, वेळ कमी होता. मी नोट जशीच्या तशी मराठीत करून लावून टाकली. दुसऱ्या दिवशी स्टँडसमोरच्या मोबाईल दुकानाच्या शेठचा फोन आला, “भाऊ, जरा येऊन जा.” गेलो. त्यांनी काउंटरमागचं कपाट उघडलं. त्याच कंपनीचे सीलबंद डबे, खालपासून वरपर्यंत.

“हा बघा तुमचा नंबर वन. कपाटात बसलाय.”

महिनाअखेरीला डिस्ट्रिब्युटरचा माणूस आला होता. टार्गेट पुरं करायचं म्हणून त्यानं स्कीमचं आमिष दाखवून माल उतरवला आणि बिल फाडलं. कंपनीच्या हिशेबात तो माल गेला. शेठच्या हिशेबात ती देणी झाली. आणि गिऱ्हाईक? ते अजून यायचं होतं. मी मात्र ‘विकले’ असं छापून मोकळा.

खरं तर मला हे कळायला हवं होतं, कारण आमच्या धंद्यातही हेच आहे. पेपर छापला किती, एजंटाकडं गेला किती, विकला किती आणि परत आला किती, हे चार वेगळे आकडे. जाहिरातदारांना फसवणूक नको म्हणून तर भारतात १९४८ साली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था निघाली. छापलेला अंक म्हणजे खपलेला अंक नव्हे, हे पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या सहामाहीतच शिकवतात. पेपरला लावलेला नियम मोबाईलला लावायचं माझ्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

त्या दिवसापासून मी या आकड्यांचा जुना इतिहास शोधून वाचत आलोय.

सुरुवात अमेरिकेतून करू. २९ जून २००७ च्या संध्याकाळी तिथं पहिला आयफोन विक्रीला आला. सेवा फक्त एटी अँड टी कंपनीची. नवी पद्धत अशी होती, की फोन दुकानातून घ्यायचा आणि घरी जाऊन कॉम्प्युटरला जोडून स्वतःच चालू करायचा. जुलैच्या २४ तारखेला एटी अँड टीनं सांगितलं, की पहिल्या दोन दिवसांत १ लाख ४६ हजार फोन चालू झाले. बाजाराला वाटलं, एवढेच? ॲपलचा शेअर त्या दिवशी सुमारे ६ टक्के पडला. दुसऱ्या दिवशी ॲपलनं आपला आकडा दिला. पहिल्या ३० तासांत २ लाख ७० हजार फोन विकले.

आता खोटं कोण बोललं? कुणीच नाही. एकानं दुकानातून बाहेर पडलेले फोन मोजले, दुसऱ्यानं नेटवर्कवर आलेले. मधले सव्वा लाख कुणाच्या पिशवीत होते, कुणी भेट द्यायला घेतले होते, कुणी चढ्या भावानं विकायला. काहींचे तर नोंदणीच्या गोंधळात अडकले होते.

सहा महिन्यांनी हीच फट आणखी रुंद झाली. २००७ अखेर ॲपलच्या हिशेबानं सुमारे ३७ लाख आयफोन विकले गेले होते आणि एटी अँड टीकडं आयफोनचे ग्राहक होते २० लाखांच्या आसपास. बाकीचे गेले कुठं? काही युरोपात, तिथं नोव्हेंबरात विक्री सुरू झाली होती. काही दुकानांच्या साठ्यात. आणि बरेच कुलूप तोडून परदेशी गेले. भारतात आयफोन अधिकृतपणे आला २२ ऑगस्ट २००८ ला, पण त्याआधीच मुंबईत तो हातोहात फिरताना दिसायचा, हे त्या वेळी मुंबईत असलेल्यांना आठवत असेल. म्हणजे ते ‘हरवलेले’ आयफोन थोडेफार आपल्याकडंही होते म्हणा की.

इथं दोन शब्द समजून घेऊ. कंपनीच्या गोदामातून डिस्ट्रिब्युटर किंवा दुकानदाराकडं माल गेला, त्याला म्हणतात सेल-इन. पेपरात ‘शिपमेंट’ येतं ते साधारण हेच. दुकानातून गिऱ्हाईकाच्या हातात गेला, ते सेल-आऊट. पहिला आकडा कंपनीच्या हातात असतो, महिनाअखेरीला जोर लावून वाढवता येतो. दुसरा गिऱ्हाईकाच्या हातात असतो. मराठीत आपण दोन्हींना ‘विकले’च म्हणतो, आणि सगळी गंमत तिथंच होते.

याचा सगळ्यात गाजलेला किस्सा सॅमसंगचा. फोनचा नाही, टॅबचा आहे, पण शिकण्यासारखा. आयपॅडला टक्कर म्हणून २०१० च्या अखेरीस गॅलक्सी टॅब आला. दोन-तीन महिन्यांत २० लाख झाले, अशी बातमी जगभर गेली. जानेवारी २०११ च्या अखेरीस निकालानंतर कंपनीच्या अधिकारी ली यंग-ही गुंतवणूकदारांशी फोनवर बोलत होत्या. कुणीतरी खोदून विचारलं. त्यांनी सांगितलं की हे २० लाख सेल-इनचे, म्हणजे कंपन्यांना आणि दुकानांना दिलेले. मग गिऱ्हाईकापर्यंत गेलेले किती? आकडा दिला नाही. विक्री ‘स्मूथ’ आहे म्हणाल्या, पण तो शब्द आधी ‘स्मॉल’ असा ऐकला गेला आणि तसाच छापला गेला. नंतर दुरुस्ती आली. पण मला विचाराल तर खरी बातमी त्या शब्दात नव्हतीच. २० लाख ‘विकले’ म्हणून जगानं जे वाचलं होतं ते दुकानांना दिलेले होते, ही होती बातमी.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं मोठं वळण तेच. एप्रिल ते जून २०११ या तिमाहीत ॲपलनं २ कोटी ३ लाख आयफोन दाखवले, नोकियाचे स्मार्टफोन १ कोटी ६७ लाख. नोकिया, ज्याच्याशिवाय आपल्याकडं मोबाईल म्हणजे दुसरं काही नव्हतं, तो स्मार्टफोनमध्ये मागं पडला. सगळ्यांचं लक्ष सॅमसंगकडं, कारण तीही जोरात वर येत होती. आणि नेमक्या त्याच तिमाहीपासून सॅमसंगनं फोनचे आकडे देणं बंद केलं. कारण दिलं स्पर्धेचं, प्रतिस्पर्ध्यांना माहिती मिळते म्हणून.

मग पुढच्या तिमाहीत काय झालं बघा. स्ट्रॅटेजी ॲनालिटिक्स म्हणाली सॅमसंगचे २ कोटी ७८ लाख. गार्टनर म्हणाली २ कोटी ४० लाख, आणि गार्टनर गिऱ्हाईकापर्यंतची विक्री मोजते. आयडीसी म्हणाली २ कोटी ३६ लाख. एकच कंपनी, तेच तीन महिने, आणि फरक ४२ लाखांचा. तिन्ही हिशेबांत सॅमसंग पहिलीच होती, त्यामुळं फार आरडाओरड झाली नाही. पण इथून पुढं ‘क्रमांक एक कोण’ हे कंपनीच्या वहीतून न ठरता अंदाज बांधणाऱ्या संस्थांच्या अहवालातून ठरू लागलं. या संस्था कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांशी बोलतात, डिस्ट्रिब्युटरना विचारतात, आयातीचे कागद बघतात, काही निवडक दुकानांतली विक्री नोंदवतात आणि त्यावरून गणित मांडतात. काम कष्टाचं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तो अंदाज आहे.

गुगलचं तर तिसरंच. अँड्रॉइडचे अँडी रुबिन फोन विकल्याचे आकडे सांगायचेच नाहीत, रोज किती फोन चालू झाले ते सांगायचे. डिसेंबर २०१० मध्ये रोजचे ३ लाख, वर्षभरात ७ लाख. लोकांनी शंका काढली की एकच फोन चार वेळा मोजत असाल. त्यांनी खुलासा केला की एक फोन एकदाच मोजतो, सेकंडहँड विकलेला पुन्हा धरत नाही. शेठच्या कपाटातले डबे या हिशेबात कधीच आले नसते. म्हणून मला ही पद्धत त्यातल्या त्यात सरळ वाटते.

आता भारतात या. मायक्रोमॅक्स आठवतोय? आमच्या गावात २०१३-१४ ला प्रत्येक दुसऱ्या पोराच्या खिशात तोच. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅनालिसचा अहवाल आला. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत भारतात मायक्रोमॅक्स २२ टक्के, सॅमसंग २० टक्के. देशी कंपनीनं कोरियन कंपनीला हरवलं म्हणून मथळे आले. त्याच महिन्यात आयडीसीचा अहवाल आला, त्यात सॅमसंग २२ आणि मायक्रोमॅक्स १८. म्हणजे एकाच तिमाहीचे दोन विजेते, आणि ज्याला जो आवडला त्यानं तो छापला.

याहून मोठी जुंपली २०१८ च्या जानेवारीत. काउंटरपॉइंटनं सांगितलं की आधीच्या तिमाहीत शाओमी २५ टक्के आणि सॅमसंग २३ टक्के. कॅनालिसनंही शाओमीलाच पुढं ठेवलं, ८२ लाख विरुद्ध ७३ लाख. सॅमसंगनं मान्य केलं नाही. त्यांनी जीएफके या संस्थेचा हवाला दिला. ती गिऱ्हाईकाला झालेली विक्री मोजते, आणि तिच्या हिशेबानं नोव्हेंबरच्या तिमाहीत आमचा वाटा नगांमध्ये ४० टक्के आणि किमतीत ४५ टक्के आहे, असं त्यांचं म्हणणं. २३ आणि ४०! एका देशात, जवळपास त्याच महिन्यांत. तुम्ही दुकानं मोजता की गोदामं, ऑनलाइनची विक्री त्यात किती पकडता, नग धरता की रुपये, यावर सगळं अवलंबून. शाओमीचा तर जन्मच भारतात ऑनलाइन झालेला. २०१४ मध्ये फ्लिपकार्टवर काही सेकंदांत सेल संपायचा, हे पोरांना पाठ होतं. हजारो फोन सेकंदात संपणं हासुद्धा एक आकडाच होता आणि त्याची जाहिरात फुकटात झाली. किती फोन विकायला ठेवले होते, हे कोण विचारतंय.

यातून कंपन्यांनी आणखी एक युक्ती काढली. सगळ्या बाजारात पहिलं येता येत नसेल तर बाजारालाच कुंपण घालायचं. २०१८ च्या एप्रिल-जूनमध्ये वनप्लस भारतात पहिली आली, पण कशात, तर ३० हजार रुपयांवरच्या फोनमध्ये. वाटा ४० टक्के. आकडा काउंटरपॉइंटचा, चुकीचा नाही. पण मथळ्यात ‘प्रीमियम’ शब्द बारीक होतो आणि ‘नंबर वन’ जाड. आमच्या डेस्कवर असे मथळे मीही केलेत.

शेवटी ॲपलनंही दार लावलं. १ नोव्हेंबर २०१८ ला त्यांचे वित्तप्रमुख लुका माएस्त्री यांनी जाहीर केलं की पुढच्या तिमाहीपासून आयफोन किती विकले हे सांगणार नाही. शेवटचा आकडा होता ४ कोटी ६९ लाख. नग आधीच्या वर्षाइतकेच, पण पैसे २९ टक्के जास्त, कारण फोन महाग झालेले. टिम कुक यांनी बाजारहाटाचं उदाहरण दिलं. तुम्ही गाडी ढकलत गल्ल्यावर जाता तेव्हा आत किती वस्तू आहेत याला फार अर्थ नसतो, त्यांची किंमत किती हे महत्त्वाचं. उदाहरण बरं आहे. पण दोन महिन्यांनी, २ जानेवारी २०१९ ला, त्याच कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून तिमाहीच्या कमाईचा अंदाज ८९ ते ९३ अब्ज डॉलरवरून ८४ अब्जावर आणला, आणि दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे १० टक्के घसरला. आकडे झाकायची वेळ आणि विक्री मंदावायची वेळ जवळजवळ आली की माझ्यातला बातमीदार जागा होतो.

२०२३ संपलं तेव्हा आयडीसीनं सांगितलं की ॲपल २३ कोटी ४६ लाख, सॅमसंग २२ कोटी ६६ लाख, बऱ्याच वर्षांनी सॅमसंग खाली. जगभर मोठी बातमी झाली, आपल्याकडंही आली. पण त्या दोन आकड्यांतला एकही त्या कंपन्यांनी दिलेला नव्हता. ॲपल तर आपले नग सांगतच नाही. आणि दोन्ही आकडे शिपमेंटचे.

शेठच्या कपाटातल्या डब्यांचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. महिन्या-दीड महिन्यात कंपनीनं नवीन मॉडेल आणलं, जुन्याची किंमत उतरवली. फरकाचे पैसे मिळतील असं तोंडी सांगितलं होतं. थोडे मिळाले, ते पण क्रेडिट नोटवर, म्हणजे पुन्हा माल घ्या. बाकी फोन त्यांनी तोट्यात काढले. आता शेठ हँडसेट फार ठेवत नाहीत. कव्हर, काच, चार्जर आणि रिपेअरिंग. मुलगा पुण्यात नोकरीला.

हल्ली प्रेसनोट आली की मी उलट मेल करतो. आकडा शिपमेंटचा की दुकानातून विकल्याचा, कुणी मोजला, नग की रुपये, कुठल्या किमतीच्या वरचा? काही जण व्यवस्थित उत्तर देतात. बरेच जण म्हणतात, “सर, एवढं कुणी विचारत नाही.” उत्तर नाही आलं तर मी ‘विकले’ लिहीत नाही, ‘बाजारात पाठवले’ लिहितो. डेस्कवरची पोरं चिडतात, मथळ्यात बसत नाही म्हणून.

आपल्या तालुक्यात कुणी मोबाईलच्या धंद्यात असेल, तर महिनाअखेरीचं बिलिंग आता कसं चालतं ते मला मेसेज करून कळवा. नाव छापणार नाही.