मुक्तस्रोत आभासीकरण : सौदी अरेबियाच्या संदर्भात

एकाच संगणकावर परस्परांपासून विलग असे अनेक आभासी संगणक चालविण्याच्या तंत्रास आभासीकरण म्हणतात. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये ‘क्यूएमू’ ही मुक्तस्रोत प्रणाली प्रसिद्ध केली. २००७ मध्ये ‘केव्हीएम’ लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. या दोहोंवर आधारलेली व्हिएन्नातील ‘प्रॉक्समॉक्स’ प्रणाली २००८ पासून उपलब्ध आहे.

विलगतेचे मोल सौदी अरेबियाने अनुभवले आहे. १५ ऑगस्ट २०१२ रोजी ‘शमून’ या विषाणूने सौदी अरामकोच्या सुमारे ३०,००० संगणकांना बाधा पोहोचविली. तेलोत्पादनाचे जाळे स्वतंत्र असल्याने उत्पादन मात्र अबाधित राहिले.

या तंत्राकडे वळण्यास आज आणखी दोन कारणे आहेत. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबविली. तसेच १४ सप्टेंबर २०२४ पासून सौदी वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली असून, माहिती देशाबाहेर पाठविण्यास अटी आहेत. देशातच ठेवलेल्या स्वतःच्या सर्व्हरवर मुक्तस्रोत प्रणाली वापरल्यास परवानाशुल्क वाचते आणि माहितीही देशाबाहेर जात नाही.

तथापि दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. आभासी संगणकाचा ‘स्नॅपशॉट’ बहुधा त्याच साठवणुकीवर असतो. तो बॅकअप नव्हे. त्याची प्रत वेगळ्या, जाळ्यापासून तोडलेल्या ठिकाणी असावी. ‘व्हर्च्युअलबॉक्स’चा मूळ भाग मुक्त असला, तरी त्याच्या विस्तार-संचाचा परवाना निराळा आहे; कार्यालयीन वापरापूर्वी तो वाचणे इष्ट.