पाणकोंबडी (ॲमॉरॉर्निस)
रॅलिडी कुलातील पक्ष्यांचा एक वंश. त्यातील पांढऱ्या छातीची जाती (ॲ. फीनिक्यूरस) पनवेल परिसरातील भातखाचरांत व खाजणांत सामान्यतः आढळते. श्रीलंकेतील नमुन्यावरून टॉमस पेनंट यांनी १७६९ मध्ये तिचे वर्णन केले. वंशनाम राइखेनबाख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिले. पुढे रंगरूपाच्या साम्यावरून त्यात पुष्कळ जाती गोळा झाल्या. साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधून नोंदविलेली तपकिरी फटाकडी त्यांपैकीच. परंतु रेणवीय अभ्यासानंतर ती झापोर्निया वंशात गेली व येथे पाचच जाती राहिल्या. पनवेलजवळ खाजणांवर भराव घालून बांधलेला विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाला. तथापि लहान डबके व काठची झुडपे एवढ्यावर भागत असल्याने पावसाळ्यात या पक्ष्याचा कर्कश आवाज वस्तीलगतही ऐकू येतो.