सिरो सर्व्हे म्हणजे काय? 'आपल्या भागात किती जणांना होऊन गेला' हे कसं मोजतात?

जुलै २०२१ मध्ये एक आकडा प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता: देशातल्या ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाच्या अँटिबॉडी सापडल्या. बऱ्याच जणांनी याचा अर्थ 'आता संपलं, मास्क काढा' असा घेतला. पण आकडा जाहीर करणाऱ्या आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) त्याच वेळी सांगितलं होतं की साधारण ४० कोटी लोकांना अजून धोका आहे. फॉरवर्ड होताना हा अर्धा भाग गळून पडला.

हा आकडा सिरो सर्व्हेतून आला होता. 'सिरो' हा शब्द सीरमवरून आला. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव. अँटिबॉडी त्यातच असतात. हा सर्व्हे कसा चालतो आणि त्याचा आकडा कसा वाचायचा, ते आज बघूया.

आरटी-पीसीआर आणि अँटिबॉडी टेस्टमध्ये फरक काय?

फोनचं उदाहरण घ्या. आत्ता कोणतं ॲप चालू आहे हे बघणं वेगळं आणि ब्राउझरची हिस्ट्री उघडणं वेगळं.

आरटी-पीसीआर नाका-घशातल्या नमुन्यात विषाणूचा जनुकीय अंश शोधते, म्हणजे 'आत्ता काय चालू आहे' ते बघते. अँटिबॉडी टेस्ट हिस्ट्री बघते. विषाणू येऊन गेल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध प्रथिनं बनवतं, त्यांना अँटिबॉडी किंवा प्रतिपिंडं म्हणतात. त्यातली आयजीजी प्रकारची साधारण एक ते तीन आठवड्यांत तयार होतात आणि पुढे काही महिने तरी टिकतात.

सर्व्हेसाठी याचा फायदा मोठा आहे. सर्दी, खोकला, ताप काहीच न आलेला धडधाकट माणूस आरटी-पीसीआर करायला जातच नाही. त्याची नोंद सरकारी आकड्यात येत नाही. पण विषाणू येऊन गेला असेल तर त्याच्या रक्तात खूण राहते.

लॅबमध्ये नेमकं काय होतं?

सर्व्हेत बहुतेक वेळा एलिसा ही पद्धत वापरतात. प्लास्टिकच्या प्लेटवर ९६ छोट्या वाट्या असतात. प्रत्येक वाटीच्या तळाला विषाणूचा निष्क्रिय भाग चिकटवलेला असतो. त्यात तुमचं सीरम टाकलं की अँटिबॉडी असतील तर त्या तळाला पकडून बसतात. मग वाटी धुतात. त्या अँटिबॉडीला चिकटणारं, एन्झाइम जोडलेलं दुसरं द्रावण टाकतात, शेवटी रंग येणारं रसायन. रंग जितका गडद तितक्या अँटिबॉडी जास्त. हा रंग मशीन मोजतं आणि ठरलेल्या रेषेच्या वर असेल तर पॉझिटिव्ह म्हणतं.

मे २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही) अशीच 'कोविड कवच एलिसा' ही देशी टेस्ट तयार केली. तिच्यात एका फेरीत ९० नमुने साधारण अडीच तासांत तपासता येत होते. एनआयव्हीला हे काम नवीन नव्हतं. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला, तेव्हाही या संस्थेने वेगळ्या पद्धतीने पुणेकरांच्या रक्तातल्या अँटिबॉडी तपासल्या होत्या.

रक्त कोणाचं घ्यायचं?

सर्व्हे खरा की खोटा हे इथे ठरतं. समजा, धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या अणदूरमध्ये सर्व्हे करायचा आहे. सोपा मार्ग म्हणजे खंडोबाच्या यात्रेत तंबू टाकायचा आणि येईल त्याचं रक्त घ्यायचं. पण यात्रेत निम्मे लोक बाहेरगावचे असतील, तर आकडा अणदूरचा कसा म्हणायचा? सोलापूर-हैदराबाद हायवेवरच्या हॉटेलवाल्यांचं रक्त घेतलं तर दिवसभर अनोळखी लोकांत राहणारेच सापडतील. शेतातल्या वस्तीवर राहणारं कुटुंब यादीत येणारच नाही. 'ज्यांना टेस्ट करायची आहे त्यांनी या' म्हटलं तर ज्यांना आधीच शंका आहे तेच येतील. प्रत्येक वेळी आकडा वेगळा आणि प्रत्येक वेळी चुकलेला.

म्हणून निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी करतात. आयसीएमआरच्या पहिल्या राष्ट्रीय सर्व्हेत (११ मे ते ४ जून २०२०) २१ राज्यांतले ७० जिल्हे घेतले होते. प्रत्येक जिल्ह्यात १० गावं किंवा वॉर्ड, प्रत्येक ठिकाणी ४० प्रौढ, एका घरातून एकच माणूस. म्हणजे जिल्ह्याला ४०० आणि देशभरात २८,००० नमुने.

महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, जळगाव, सांगली आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) हे सहा जिल्हे होते. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, त्यात नव्हता. बीड आपल्याला लागून आहे म्हणून तिथला आकडा अणदूरला चिकटवता येत नाही. तो सर्व्हे देशाचा अंदाज काढायला आखलेला होता, एका गावाचं भविष्य सांगायला नव्हे.

टेस्टच चुकली तर?

कोणतीही टेस्ट १०० टक्के बरोबर नसते. इथे थोडं गणित करू. समजा, एक टेस्ट खऱ्या पॉझिटिव्हपैकी ९० टक्के पकडते आणि खऱ्या निगेटिव्हपैकी ९८ टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह सांगते. ऐकायला भारी वाटतं.

आता १,००० लोक घ्या, त्यातल्या फक्त १० जणांना विषाणू होऊन गेलाय. टेस्ट त्यातले ९ पकडेल. उरलेल्या ९९० पैकी २ टक्के, म्हणजे जवळपास २० जणांना उगाच पॉझिटिव्ह सांगेल. एकूण पॉझिटिव्ह २९, त्यातले खरे फक्त ९.

तीच टेस्ट, पण आता ५०० जणांना होऊन गेलाय असं धरा. खरे पॉझिटिव्ह ४५०, खोटे फक्त १०. म्हणजे टेस्ट तीच राहिली, पण साथ किती पसरली आहे यावर रिपोर्टची किंमत बदलली.

सर्व्हे करणारे हा दोष हिशेबात धरतात. पहिल्या उदाहरणात आलेल्या २.९ मधून खोट्या पॉझिटिव्हचे २ वजा करा आणि ०.८८ ने भागा (०.९० + ०.९८ − १). उत्तर येतं साधारण १ टक्का, म्हणजे खरा आकडा. आयसीएमआरने पहिल्या सर्व्हेत पॉझिटिव्ह आलेले नमुने दुसऱ्या कंपनीच्या टेस्टने पुन्हा तपासले, तेही याचसाठी.

गंमत अशी की हजार लोकांचा आकडा असा दुरुस्त करता येतो. पण त्या २९ मधले ते ९ जण कोण, हे गणित सांगू शकत नाही. म्हणून सर्व्हेचा निकाल समूहासाठी असतो. हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट आला म्हणजे आपण सुरक्षित, असं समजून चालू नका.

मग हाती काय लागलं?

पहिल्या राष्ट्रीय सर्व्हेत दुरुस्तीनंतर ०.७३ टक्के आले. शक्यतेची रेंज ०.३४ ते १.१३. आकडा बारीक दिसतो, पण त्यावरून मे २०२० च्या सुरुवातीपर्यंत देशात सुमारे ६४ लाख प्रौढांना संसर्ग झाल्याचा अंदाज निघाला. नोंदलेल्या प्रत्येक केसमागे ८२ ते १३० संसर्ग! सरकारी डॅशबोर्ड किती कमी दाखवत होता, हे तेव्हा कळलं.

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत ६,९३६ नमुने घेतले. झोपडपट्टीत ५७ टक्के, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. एकाच वॉर्डात, पण सार्वजनिक संडास आणि दहा बाय दहाची खोली असली की विषाणू किती वेगाने फिरतो, ते या दोन आकड्यांत दिसतं.

पुण्यात २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० दरम्यान पाच प्रभागांत १,६६४ नमुने घेतले. सरासरी ५१.५ टक्के, पण प्रभागानुसार ३६.१ पासून ६५.४ पर्यंत. हे पाच प्रभाग मुळातच जास्त केसेसचे होते. त्यामुळे 'निम्म्या पुण्याला होऊन गेला' ही हेडलाइन चुकीची.

हिस्ट्री पुसली जाते

अँटिबॉडी हळूहळू कमी होतात. मुंबईत ऑगस्टमधल्या दुसऱ्या फेरीत झोपडपट्टीचा आकडा ४५ टक्के आला. होऊन गेलेले लोक कमी कसे होतील? नमुना वेगळा असणं हे एक कारण आणि अँटिबॉडी टेस्टच्या रेषेखाली जाणं हे दुसरं. आणि अँटिबॉडी दिसत नाहीत म्हणजे संरक्षण गेलं असंही नाही, कारण शरीराच्या स्मृतिपेशी वेगळ्या असतात.

लस आल्यावर गुंता वाढला. कोविशील्ड फक्त विषाणूच्या काट्यांविरुद्ध अँटिबॉडी बनवते. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असतो, त्यामुळे ती घेतलेल्या माणसाच्या अँटिबॉडी संसर्ग झालेल्यासारख्याच दिसू शकतात. म्हणून ६७.६ टक्क्यांत होऊन गेलेले आणि लस घेतलेले दोन्ही आहेत.

पुढचा आकडा फॉरवर्ड करण्याआधी विचारा:

१. नमुने कुठले आणि कसे निवडले? चिठ्ठी टाकून की येईल त्याचे?
२. किती जणांचे? सोबत रेंज दिली आहे का?
३. टेस्टच्या चुकीची दुरुस्ती केली आहे का?
४. नमुने कधी घेतले? आकडा नेहमी दोन-तीन आठवडे मागचं सांगतो.
५. लस घेतलेले लोक त्यात आहेत का?

आणि एखाद्या दिवशी सर्व्हेवाले तुमच्याच दारात आले तर? आधी त्यांनी माहिती सांगून तुमची संमती घ्यायला हवी. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. पण धडधाकट माणसांनी 'मला कुठे काय झालंय' म्हणून नकार दिला, तर नेमकी तीच माणसं आकड्यातून गायब होतात. आजाऱ्यांची नोंद दवाखान्यात असतेच. निरोगी माणसाचे चार-पाच मिली रक्त ती कमी भरून काढतं.