उदक

माझी आत्या डिचोलीची. लग्न होऊन इंदूरला गेली आणि तिथलीच झाली. होळकरांच्या त्या शहरात मराठी घरे पुष्कळ, त्यामुळे तिचे कधी अडले नाही. शेवटच्या आजारपणात मात्र ती मराठी-हिंदी सारे विसरली आणि ‘उदक, उदक’ एवढेच म्हणू लागली. वॉर्डातल्या शिकाऊ नर्सला काही कळेना. मी ‘पानी’ म्हणून सांगितले, तेव्हा तिने तो शब्द वहीत लिहून घेतला. खरे सांगायचे तर तोवर आत्याचे अंग पुसणे, कपडे बदलणे सगळे त्या मुलीवर टाकून मी बाहेर बाकावर बसून होतो.

म्हाताऱ्या माणसांचा मान राखणे आपल्या रक्तातच आहे, असे आपण म्हणतो. इतिहास तसे सांगत नाही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केले, तेव्हा पांढरपेशा घरातल्या बाईने परक्याचे मलमूत्र काढावे हे लोकांना सहन होण्यासारखे नव्हते. जात, विटाळ, लोकलज्जा, सगळेच आड येई. तरी सेवासदनाने विधवांना आणि गरजू बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले.

इंदूरलाही ही परंपरा आहे. तिथे १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली. कस्तुरबांच्या स्मरणार्थ १९४५ साली स्थापन झालेल्या ट्रस्टचे मुख्य ठिकाण तिथलेच कस्तुरबाग्राम. खेड्यातल्या बायकांना सेवेचे शिक्षण देणे हे त्याचे काम. आणि स्वच्छतेत सलग चार वर्षे देशात पहिल्या आलेल्या याच इंदूरमध्ये जानेवारी २०२१ मध्ये पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी निराधार वृद्धांना गाडीत घालून शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ उतरवले. गावकऱ्यांनी हटकले म्हणून त्यांना परत न्यावे लागले.

नेथन कोगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली वृद्धांविषयीची वृत्ती तपासणारी प्रश्नावली तयार केली. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ती अजूनही देतात. म्हणजे या मुलामुलींना निदान कुणीतरी विचारते, की म्हाताऱ्या माणसांबद्दल तुम्हाला खरोखर काय वाटते? आपल्याला घरात हा प्रश्न कोण विचारतो? पाया पडलो की झाले, अशी आपली समजूत.

दुसऱ्या दिवशी आत्याने ‘उदक’ म्हणताच ती मुलगी चमचा घेऊन आली. तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडून अंग पुसायला शिकलो. ते आधीच शिकायला हवे होते.