विझर्ड (डंजन्स अँड ड्रॅगन्स)

विझर्ड : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कल्पनारम्य भूमिकाखेळातील, अभ्यासाने जादू साध्य करणाऱ्या पात्रांचा वर्ग. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणलेल्या मूळ खेळात तो ‘मॅजिक-यूजर’ या नावाने होता. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत या वर्गाला ‘विझर्ड’ हे नाव मिळाले.

मंत्रपोथी हे विझर्डचे सर्वस्व. शिकलेले मंत्र तो तीत उतरवतो, पण त्यांतले मोजकेच एका दिवसासाठी तयार ठेवू शकतो. जुन्या नियमांनुसार म्हटलेला मंत्र स्मृतीतून पुसला जाई आणि तो पोथीवरून पुन्हा पाठ करावा लागे. ही कल्पना जॅक व्हॅन्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकातून आली. त्यामुळे सकाळी कोणते मंत्र निवडावेत हाच खेळाडूच्या दूरदृष्टीचा खरा कस ठरे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तयार मंत्र दिवसभरात पुन्हा वापरता येतो. मात्र दर वेळी मर्यादित जादूशक्तीचा एक वाटा खर्च होतो.

बुद्धिमत्ता हा या वर्गाचा प्रमुख गुण. शरीर मात्र नाजूक. त्याची प्राणशक्ती पूर्वी चार बाजूंच्या फाशाने ठरे, आता सहा बाजूंच्या. आरंभी साथीदारांच्या आडोशाने लढणारा विझर्ड पाचव्या स्तरावर ‘फायरबॉल’ने शत्रूंचा जथा होरपळवू शकतो, आणि सतराव्या स्तरावर नवव्या म्हणजे सर्वोच्च पातळीचे मंत्र त्याला खुले होतात. दुर्बळतेपासून सामर्थ्यापर्यंतचा हा लांब पल्ला हेच या वर्गाचे मोठे आकर्षण होय. गायगॅक्स यांनी स्वतः खेळलेल्या मॉर्डेनकायनेन या विझर्डचे नाव आजही खेळातील काही मंत्रांना जोडलेले आहे.