कापसाची गासडी : दाबाचं गणित आणि फायद्याचा हिशोब



आपल्या सफाळे भागात कापूस होत नाही. भात, गवत, आंबा, भाजीपाला, केळवे-माहीमकडे पानवेली, एवढंच आपलं. मग कापूस दाबायच्या प्रेसवर मी का लिहितोय, असं कुणीही विचारेल. कारणं दोन आहेत. एक म्हणजे आपल्या दारातून जाणारी ही रेल्वे. ती टाकली गेली त्यामागे गुजरातचा कापूस मुंबईला नेणं हे मोठं कारण होतं. दुसरं कारण आपलं गवत. गवताचा ट्रक जागेने भरतो, वजनाने भरत नाही, आणि भाडं मात्र पूर्ण ट्रकचं द्यावं लागतं. हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी कापसाच्या व्यापाऱ्यांपुढे होता. त्यांनी एकामागून एक यंत्रं सुधारली आणि प्रश्न सोडवला. ती यंत्रं काय होती आणि त्यातून कापूसवाल्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं, ते बघू.

आधी मालाचं बघा. शेतातून वेचलेल्या कापसात ढोबळमानाने तीन भागांतले दोन भाग सरकी असते आणि एक भाग रुई. सरकी काढली की रुई उरते. तिचं वजन थोडं, पण ती जागा भरपूर खाते. रेल्वे नव्हती तेव्हा भरुच-सुरतचा कापूस शिडाच्या गलबतांतून आपल्याच दातिवरे-केळव्याच्या समोरच्या समुद्रातून मुंबईला जायचा. मुंबईत कापसाचा बाजार आधी कोटात, टाऊन हॉलसमोरच्या मैदानावर भरत असे. 1844 मध्ये तो कुलाब्याला हलवला. आज हार्बर लाईनवर जे कॉटन ग्रीन स्टेशन आहे, ते नाव 1920 च्या दशकात बाजार शिवडीला गेल्यानंतरचं.

मुंबईहून लिव्हरपूलला जाणारं जहाज आफ्रिकेला वळसा घालून जायचं, महिनोन्‌महिने लागायचे. सुएझचा कालवा 1869 ला उघडला. जहाजवाला कापसाचं भाडं वजनावर नव्हे, तर माल किती जागा अडवतो त्यावर घ्यायचा. म्हणजे तेवढीच रुई निम्म्या जागेत बसवली तर भाडं निम्मं. प्रेसचा सगळा इतिहास या एका हिशोबावर उभा आहे.

मळसूत्राची प्रेस

पहिल्या मोठ्या प्रेस मळसूत्राच्या, म्हणजे स्क्रूच्या होत्या. पेटीत रुई भरायची, माणसं आत उतरून पायाने तुडवायची. मग वरून जाड फळी आणि त्यावर मोठं मळसूत्र. त्याला आडव्या दांड्या लावून माणसांचा घोळका गोल फिरायचा, आपल्याकडे बैल घाण्याभोवती फिरतो तसा. फळी खाली सरकायची आणि रुई दबायची. दाबून झालं की गोणपाट आणि दोऱ्या बांधायच्या, मगच मळसूत्र सैल करायचं.

यात दोन अडचणी होत्या. मळसूत्राच्या आट्यांत घर्षण फार. माणसांचा बराच जोर रुईपर्यंत पोचायच्या आधीच तिथे खर्ची पडायचा. दुसरी अडचण रुईच्या स्वभावाची. सुरुवातीला ती सहज दबते, कारण आत हवाच असते. पण शेवटची काही इंच दाबायला सुरुवातीच्या कित्येक पट जोर लागतो. मळसूत्राचा जोर मात्र पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत सारखाच. म्हणजे सुरुवातीला जोराची गरज नसताना काम हळू चालायचं, आणि शेवटी गरज पडली की जोर अपुरा. पुढच्या सगळ्या सुधारणा या एका दुखण्यावरचे इलाज आहेत, असं म्हटलं तरी चालेल.

गुडघ्याचा सांधा

एक इलाज जोडदांड्यांचा. दोन दांड्या मधे सांध्याने जोडलेल्या, माणसाच्या गुडघ्यासारख्या. गुडघा वाकलेला असताना दांड्या सरळ करायला लागलो की टोकं भराभर लांब जातात. जसजसा गुडघा सरळ होत येतो तशी चाल कमी होते आणि जोर वाढत जातो. रुईलाही नेमकं हेच हवं, आधी वेग आणि शेवटी जोर. आजही हाताने चालणाऱ्या बऱ्याच छोट्या प्रेसमध्ये ही युक्ती दिसेल.

पाण्याचा जोर

मोठी उडी पाण्याच्या दाबाने घेतली. बंद भांड्यातल्या पाण्यावर दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पसरतो, हा नियम फ्रान्सच्या पास्कलने सतराव्या शतकात मांडला. त्यावरून लंडनच्या जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये पाण्याच्या प्रेसचं पेटंट घेतलं.

हिशोब सोपा आहे. एक इंच व्यासाचा बारीक दट्ट्या आणि दहा इंच व्यासाचा मोठा दट्ट्या, दोन्ही एकाच पाण्यात. मोठ्याचं क्षेत्रफळ शंभर पट. बारीक दट्ट्यावर 100 किलोचा जोर दिला तर मोठा दट्ट्या 10,000 किलोच्या जोराने वर येतो. आज जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या लिफ्टमध्ये पाण्याऐवजी तेल आहे, पण हिशोब हाच.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. मोठा दट्ट्या एक इंच उचलायला बारीक दट्ट्याला शंभर इंच पाणी ढकलावं लागतं. म्हणजे जोर मिळाला, वेग गेला. त्यावर असा तोड काढला की सुरुवातीला जास्त पाणी देणारे पंप लावायचे, दाब कमी पण चाल जलद. रुई घट्ट व्हायला लागली की ते बंद करून कमी पाणी पण भारी दाब देणारे पंप चालू करायचे. पंप फिरवायला वाफेचं इंजिन आलं आणि मळसूत्राभोवती फिरणाऱ्या माणसांचं काम संपलं. लिव्हरपूलची फॉसेट प्रेस्टन आणि मँचेस्टरजवळची नॅस्मिथ विल्सन या कारखान्यांनी अशा प्रेस बनवल्या.

पेटी आणि पट्टी

दाब वाढला तशी दोरी पुरेना. प्रेस सुटली की आतली रुई फुगायला बघते. दोरी ताणते, गासडी फुगते, आणि दाबायला केलेली मेहनत निम्मी वाया. म्हणून दोरीच्या जागी लोखंडी पट्टी आली. प्रेसच्या वरच्या-खालच्या फळ्यांना खाचा ठेवल्या. दाब चालू असतानाच त्या खाचांतून पट्टी ओवायची, कडी अडकवायची आणि मग दाब सोडायचा. साधी गोष्ट आहे, पण ती नसती तर पाण्याच्या प्रेसचा जोर वाया गेला असता.

पेटीतही सुधारणा झाली. एकच पेटी असेल तर भरताना प्रेस रिकामी बसते आणि दाबताना भरणारे रिकामे बसतात. अमेरिकेत टेक्सासच्या रॉबर्ट मंगरने 1880-90 च्या सुमारास पूर्ण जिनची नवी रचना केली. त्यात फिरत्या दोन पेट्या होत्या. एक भरतेय तोवर दुसरी दाबली जाते, मग चक्र फिरवून जागा बदलायच्या. आजच्या जिनमध्येही हीच पद्धत दिसते.

या सगळ्याचा परिणाम बघा. मुंबईची गासडी 392 पौंडांची, म्हणजे साधारण 178 किलो. ती सुमारे 10 घनफुटांत बसायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेची गासडी हिच्या निम्म्याइतकीच घट्ट असे. त्यांना माल तेवढ्या लांब न्यायचा नव्हता, आपल्याकडून मात्र जायचा. अशा दोन गासड्या म्हणजे 784 पौंडांची एक खंडी. आपल्याकडे भाताची खंडी मोजायचे ती वेगळी. कापसाची खंडी 356 किलोची, आणि रुईचा भाव बाजारात आजही तिच्यावरच बोलतात. गासडी मात्र आता 170 किलोची झाली.

प्रेस बंदरातून शेताकडे

आता मुद्द्याची गोष्ट. आधी भारी प्रेस मुंबईत, बंदराजवळ होत्या. शेताकडून माल सैल बोजांत यायचा, वाटेत भिजायचा, धूळ खायचा. सुटी रुई आगीलाही लवकर बळी पडते. घट्ट गासडीत हवा नसते, ती पेटली तरी वरवर धुमसते.

1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्या कापसाचा भाव कधी नव्हे एवढा चढला. त्याच सुमारास रेल्वे आली. आपली बीबीसीआय लाईन 1864 च्या अखेरीस गुजरातकडून मुंबईला जोडली गेली. पुढे ती कुलाब्यापर्यंत गेली, थेट कापसाच्या बाजाराशी. ते कुलाबा स्टेशन 1930 च्या अखेरीस बंद झालं. तिकडे जीआयपी रेल्वे 1867 ला नागपूरला पोचली. 1870 मध्ये खामगावला जलंबहून फाटा निघाला, लगेच अमरावतीला बडनेऱ्याहून. हे फाटे कापसासाठीच काढलेले.

वाघिणीचंही जहाजासारखंच. सैल बोजांनी ती जागेने भरते, वजनाने रिकामीच. म्हणून प्रेस वऱ्हाडात, खानदेशात, वर्धा-हिंगणघाटकडे जाऊ लागल्या. जिनिंगच्या शेजारीच प्रेसिंग, तिथून पक्की गासडी थेट बंदरावर. व्होल्कार्ट, राली अशा परदेशी पेढ्या आणि आपले व्यापारी, दोघंही यात उतरले.

प्रेस शेताजवळ आली म्हणजे वाचलेल्या भाड्याचा पैसा शेतकऱ्याकडे यायला हवा होता. काही आला, बाजार जवळ आला, गिऱ्हाईक वाढलं, हे नाकारायचं कारण नाही. पण प्रेसला भांडवल मोठं लागतं. ती शेतकऱ्याची नव्हती, आणि शेतकरी विकत होता सरकीसकट कापूस. गासडी झाल्यावर जी किंमत वाढते ती त्याच्या हाताबाहेर होती. वऱ्हाड-खानदेशात पुढे कारखाने गरजेपेक्षा जास्त झाले. स्पर्धा होऊन दर उतरायला हवे होते. तसं न होता बऱ्याच ठिकाणी मालकांनी आपसांत जूट केली, एक दर ठरवला, काही कारखाने बंद ठेवले आणि बंद कारखान्यालाही नफ्यातला वाटा दिला. म्हणजे बंद कारखान्याचं भाडंसुद्धा शेवटी कापसाच्या भावातूनच निघत होतं.

गासडीच्या पोटात काय

दुसरी गोष्ट गुणवत्तेची. सैल बोजात हात घालून माल बघता येतो. पक्की गासडी म्हणजे बंद पेटी. आत पाणी मारलेली रुई, सरकी, माती, हलक्या जातीचा माल, काहीही दडवता येतं. ओली रुई दबतेही लवकर आणि वजनही देते. मुंबई सरकारने 1829 मध्ये आणि परत 1863 मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदे केले, त्यावरूनच दुखणं किती जुनं ते कळतं. एका गासडीत साधारण पाच क्विंटल कापसाची रुई जाते. छोट्या शेतकऱ्यांचा माल असेल तर त्यात अनेकांचा कापूस. चांगला पिकवणारा आणि हयगय करणारा, दोघं आत गेल्यावर एकच.

यावर खरा इलाज 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने केला. प्रत्येक गासडीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक सक्तीचा झाला. गिरणीत गासडी फोडल्यावर खोट निघाली तर ती कुठल्या प्रेसची ते कळू लागलं. पण खूण प्रेसची, शेतकऱ्याची नव्हे. खोट काढणाऱ्याला माग मिळाला, चांगला माल देणाऱ्याचं नाव मात्र गासडीच्या पोटातच राहिलं. 2000 साली कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, जुन्या जिन-प्रेस सुधारल्या, डोक्यावरून टोपल्या वाहण्याऐवजी हवेच्या नळीतून आणि पट्ट्यावरून रुई प्रेसपर्यंत जाऊ लागली, कचरा कमी झाला. यंत्रं सुधारली, तरी बऱ्याच ठिकाणी शेतकरी अजून कापूसच विकतो आणि गासडी दुसऱ्याची.

आपल्या गवताला यातून काय

आपल्याकडे पावसाळा संपला की गवत कापतो, वखारीला देतो. तिथे ते दाबून, तार बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जातं. आपण सुटं विकतो, दाबलेलं दुसरा विकतो. कापसाचीच गोष्ट, फक्त माल वेगळा. आता ट्रॅक्टरवर चालणारे बेलर मिळतात, पेंढाही बांधता येतो. यंत्र घ्यायचं की नाही हा पुढचा प्रश्न, पण कापसाच्या इतिहासातून मला तीन गोष्टी पक्क्या दिसतात.

पहिली, दाबल्याने जो पैसा वाचतो तो प्रेस ज्याची त्याच्याकडे जातो. पाच-सहा जणांनी किंवा गटाने मिळून यंत्र घेतलं तर तो वाटा आपल्यात राहतो. एकट्याने घेऊन हंगामाचे दोन महिनेच चालवलं, तर हप्ता डोक्यावर बसेल. गटात घेतलं तरी भात, गवत, आजूबाजूच्या गावांचं काम, असं मिळून दिवस किती भरतात ते आधी मोजा.

दुसरी, ओला माल दाबायचा नाही. वजन वाढेल, पण दाबलेलं ओलं गवत आत तापतं, बुरशी धरतं आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फिरकत नाही.

तिसरी, खूण. आपल्या गटाच्या गासडीला नाव आणि नंबर लावा. कापसाला हे कायद्याने करावं लागलं आणि तेही प्रेसच्या नावाने झालं. आपण ते शेतकऱ्याच्या नावाने करू शकतो. चांगलं, सुकं, निवडलेलं गवत देणाऱ्याला त्याच्या नावाने भाव मिळाला तर तो दुसऱ्या वर्षीही तसंच गवत देईल.

या हंगामाला वखारीत गवत घालताना एवढं करून बघा. सुटं किती रुपये टनाने गेलं आणि तेच दाबून मुंबईला काय भावाने पोचलं, दोन्ही आकडे वहीत लिहा. त्यातून कापणी, मजुरी, गाडीभाडं वजा करा. उरलेला आकडा दाबाचा. तो मोठा निघाला तर गटात बसून बोलू.